नवा येईल

मागच्या मंगळवारी धाकट्या नातवाला घेऊन दातांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. ही तिसऱ्या वर्षाची तपासणी. डॉक्टरीणबाईंनी संगणकाच्या पडद्यावर दोन एक्स-रे शेजारी शेजारी लावले, एक सप्टेंबर २०२२ चा आणि दुसरा नुकताच काढलेला, आणि मला म्हणाल्या, "सर, आता तुम्हीच सांगा, काय फरक दिसतोय?" सदतीस वर्षं मुलांना 'चित्रांतला फरक ओळखा' म्हणत आलो, त्याची अशी परतफेड झाली! चष्मा वर केला, खाली केला. फरक दिसला. पण तो काय होता हे सांगण्याआधी मला तुम्हाला चाळीस वर्षं मागे न्यावं लागेल. म्हातारा माणूस गोष्ट सरळ सांगत नाही, हे इथे नेहमी येणाऱ्यांना एव्हाना ठाऊक झालंच असेल.

१९८५ साल. मी तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. पहिली ते सातवी, पाच शिक्षक, माझ्याकडे तिसरीचा वर्ग. शनिवारी सकाळची शाळा आणि शेवटचा तास खेळाचा. खो-खोच्या खांबाला वळसा घालताना एका पोराचा पाय घसरला आणि तोंड खांबावर आपटलं. पोरगा धीट होता, रडला नाही. ओठ फुटला होता आणि वरच्या पटाशीच्या दातांतला एक जरा आत गेल्यासारखा दिसत होता, बोट लावलं की हलत होता. रांजणातलं पाणी आणून मी त्याला चूळ भरायला लावली, माझ्याच रुमालाने ओठ दाबून धरला आणि शाळा सुटल्यावर स्वतः त्याला घरी पोहोचवलं. त्याची आई शेणी थापत बसली होती. माझ्यासोबत पोराला बघून ती तशीच भरल्या हातांनी उठली. मी म्हटलं, "घाबरू नका. दात हललाय फक्त. पडला तर पडू दे, नवा येईल."

गुरुजींनी सांगितलं म्हणजे विषय संपला. ती पुन्हा शेणी थापायला बसली आणि मी सायकल काढून घरी गेलो.

आता गंमत बघा. तिसरीतलं पोर आठ वर्षांचं. वरचे समोरचे दोन दात सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान पडतात आणि तिथे कायमचे येतात. म्हणजे त्या पोराचा तो दात नवाच होता. त्याच्यामागून येणारा दुसरा कोणी नव्हता. आणि हे मला माहीत नव्हतं असंही नाही हो! दुधाचे वीस आणि कायमचे बत्तीस, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून देत होतो, परीक्षेत दोन मार्कांना विचारतही होतो. पण समोर उभ्या असलेल्या पोराच्या तोंडातला दात त्या विसातला की बत्तिसातला, हे बघायचं काही सुचलं नाही.

दात पडला नाही. आपोआप घट्ट झाला. वर्षभरात मात्र काळपट दिसू लागला आणि पोरांनी व्हायचं तसं त्याचं टोपणनाव पाडलं. पुढे माझी बदली झाली. नंतर कधीतरी ऐकलं, की आठवीत असताना कणीस खाताना तो दात हिरडीपाशीच मोडला आणि उरलेला खुंट तालुक्याला नेऊन काढून टाकावा लागला.

२०१९ च्या दिवाळीत त्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी मेळावा भरवला, आम्हा जुन्या शिक्षकांना बोलावलं. हा आला होता. बेचाळीस वर्षांचा बाप्या, स्वतःचा ट्रॅक्टर, मुलगा बारावीला. काढता-घालता येणारा दात बसवलेला होता, तरी हसताना डावा हात तोंडावर जायचा तो जायचाच. पाया पडला आणि म्हणाला, "गुर्जी, तुमी म्हनला हुता नवा येतोय. मी आटवीपतुर वाट बघितली!" सगळे हसले. मीही हसलो. परतीच्या एस.टी.त मात्र मला झोप लागेना.

इतकं सगळं होऊनही २०२२ च्या मे महिन्यात मी काय केलं ते ऐका.

आम्ही पुण्यात मुलाकडे असतो. नातवाची दुसरी संपून सुट्टी लागली होती. दुपारी सोसायटीच्या उतारावर सायकल दामटताना पडला आणि हँडल तोंडावर लागलं. मुलगा आणि सूनबाई ऑफिसात, घरात मी. वरच्या उजव्या पुढच्या दाताचा कोपरा तिरका उडाला होता, हिरडीच्या कडेला रक्ताची एक बारीक रेघ. या वेळी "नवा येईल" म्हणालो नाही, तेवढं शिकलो होतो. म्हणालो, "अरे, कोपराच तर उडालाय, दात शाबूत आहे!" गार पाणी दिलं, साखर चारली, शिवाजी महाराजांच्या मावळ्यांच्या जखमा वर्णन करून सांगितल्या. उडालेला तुकडा शोधायचंही डोक्यात आलं नाही. संध्याकाळी मुलगा-सून आले तेव्हा मीच अभय दिलं, की सुट्टी संपली की एखाद्या डॉक्टरांकडून घासून गुळगुळीत करून घेऊ. पोराची तक्रार नव्हती. जून आला, गणवेश-वह्यापुस्तकांची धांदल झाली, आणि दाताचं राहिलं ते राहिलंच.

गणपती उठले त्या आठवड्यात मी त्याला दात घासायला लावत होतो. ओठ वर केला तर त्या दाताच्या वर, हिरडीवर, मोहरीएवढी एक पुटकुळी. "उष्णता झाली असेल," मी म्हटलं आणि रात्री सब्जा भिजत घातला. होय, सब्जा! सकाळी सूनबाईंनी बघितली, कापसाने हळूच दाबली, तर पू आला. तिने त्या दिवशी रजा टाकली आणि मुलांचे दात बघणाऱ्या या डॉक्टरीणबाईंकडे आम्हाला घेऊन गेली.

एक्स-रे निघाला. मुळाच्या टोकाभोवती हाड विरघळून काळी सावली पडली होती. दाताच्या आतला गर, ज्याला आपण सरसकट 'नस' म्हणतो, तो मेला होता. उघड्या पडलेल्या कोपऱ्यातून जंतू आत गेले होते आणि माराने गराला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्याही बहुधा दुखावल्या होत्या. मी विचारलं, "अहो, पण हा एकदाही दुखतंय म्हणाला नाही!" बाई म्हणाल्या, "मेलेला गर दुखत नाही, आणि पुवाला पुटकुळीतून वाट मिळाली की दाब येत नाही. मुलांच्यात पुष्कळदा असंच होतं. पुटकुळी दिसते तेव्हाच कळतं."

मग त्यांनी कागदावर चित्र काढलं. ते चित्र मी जपून ठेवलंय, कारण इतक्या वर्षांत एवढा स्वच्छ पाठ मी क्वचितच पाहिला असेल. दात हिरडीतून वर आला की तो तयार झाला असं आपण समजतो. प्रत्यक्षात तेव्हा त्याचं मूळ अर्धं-पाऊणच झालेलं असतं. पुढची साधारण तीन वर्षं ते आत, कोणाला न दिसता, वाढत असतं. टोक खाली उघडंच असतं, नरसाळ्यासारखं. भिंती पातळ असतात. आतला गर आतून थरावर थर चढवत भिंती जाड करतो, मूळ लांब होतं, शेवटी टोक मिटत जाऊन सुईच्या नेढ्याएवढं भोक उरतं. वरच्या पुढच्या दाताचं हे काम संपायला दहावं वर्ष उजाडतं. आमच्या नातवाचं आठव्या वर्षीच थांबलं. गवंडी अर्ध्या भिंतीवर काम टाकून निघून जावा, तसं.

मी आपलं शहाणपण पाजळलं, "मग रूट कॅनाल करून टाका."

त्या हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. मोठ्या माणसाच्या रूट कॅनालमध्ये मूळ आतून कानशीने घासून साफ करतात आणि गट्टापर्चा दाबून भरतात. (हा गट्टापर्चा म्हणजे मलायाकडच्या एका झाडाचा चीक. समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलींवर एके काळी तोच गुंडाळत.) पण नरसाळ्यात काही दाबून भरायचं तर ते खालून बाहेर पडणार, आणि कागदासारख्या भिंती घासायच्या तरी कशा?

यावरचा जुना उपाय म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. नाव ऐकून मी जरा घाबरलो होतो, पण घरी येऊन पुस्तक काढून बघितलं तर हा आपला पानाला लावायचा चुना! माझ्या वडिलांचं पितळी चुनाळं अजून माझ्या कपाटात आहे. हा शुद्ध केलेला चुना मुळात भरून ठेवायचा, काही महिन्यांनी बदलायचा, पुन्हा भरायचा, की सहा महिने ते दीड वर्षात उघड्या टोकापाशी एक टणक पडदा तयार होतो. मग नेहमीसारखं भरता येतं. १९६० च्या दशकापासून जगभर हेच चालत होतं. खोट एवढीच, की पडदा झाला तरी भिंती पातळ त्या पातळच. शिवाय चुना फार दिवस राहिला तर दात ठिसूळ होतो की काय, अशी शंका होती. डेन्मार्कमध्ये आंद्रेआसन आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांचे कोवळे दात चुना भरून महिनोन्‌महिने ठेवले आणि मग मोडून पाहिले. वर्षभरात त्यांची ताकद निम्म्यावर येते असा त्यांचा निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठातल्या महमूद तोराबिनेजाद यांनी एम.टी.ए. नावाचं द्रव्य आणलं होतं. त्याचं उघड्या टोकाला एक-दोन भेटींतच बूच मारता येतं, वर्षभर थांबावं लागत नाही. हे एम.टी.ए. म्हणजे आपल्या घर बांधायच्या पोर्टलँड सिमेंटचा सख्खा भाऊ. चुना आणि सिमेंट! दातांचे डॉक्टरही शेवटी गवंडीच.

पण बूच मारलं तरी भिंती वाढत नाहीतच. आठ वर्षांच्या मुलाला तो दात पुढे साठ-सत्तर वर्षं वापरायचा असतो. मी बाईंना त्या १९८५ च्या पोराची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "मोडला ना तो हिरडीपाशीच? तिथेच मोडतात. गर मेला तेव्हा भिंत जेवढी जाड होती तेवढीच राहिली असणार." मी विचारलं, दात काढून ते स्क्रूचे दात मिळतात, ते का नाही? तर मूल वाढतंय तोवर जबडा वाढत असतो. बाकीचे दात त्याच्यासोबत सरकतात, स्क्रू मात्र जिथल्या तिथे राहतो आणि काही वर्षांत तो दात शेजाऱ्यांपेक्षा आखूड दिसू लागतो. म्हणून वाढ पुरी होईपर्यंत ती गोष्ट काढायचीच नाही.

मग बाईंनी तिसरी वाट सांगितली. थांबलेलं काम पुन्हा सुरू होतंय का बघायचं. जंतू मारायचे, मुळाच्या टोकाशी मुद्दाम थोडं रक्त काढायचं, ते मुळात भरू द्यायचं, त्याची गुठळी होऊ द्यायची, आणि वरून झाकण लावून वाट बघायची.

मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली. रक्त थांबवतात हे माहीत होतं. काढतात?

यामागे बराच जुना विचार आहे. नॉर्वेच्या निगार्ड-ऑस्टबी यांनी १९६१ मध्येच मुळात रक्ताची गुठळी राहू दिली तर काय होतं, यावर प्रयोग प्रसिद्ध केले होते. पण जंतूंनी भरलेल्या दातात हे कसं जमायचं हा प्रश्न उरला. २००१ साली जपानमधून इवाया आणि सहकाऱ्यांनी एका तेरा वर्षांच्या मुलीची हकिकत लिहिली. तिच्या खालच्या दाढेवरचा एक बारीक उंचवटा, जो काही जणांना जन्मतःच असतो, मोडून जंतू आत गेले होते आणि हिरडीवर पुटकुळी आली होती, आमच्यासारखीच. त्यांनी आत खोल कानस घातलीच नाही. धुतलं, प्रतिजैविकं भरली आणि झाकलं. अडीच वर्षांनी मुळाचं टोक मिटलेलं होतं आणि भिंती जाड झाल्या होत्या. २००४ मध्ये अमेरिकेत बँक्स आणि ट्रोप यांनी अकरा वर्षांच्या एका मुलाच्या दाताला तीन प्रतिजैविकांचा लेप आणि मग मुद्दाम काढलेलं रक्त, असा रीतसर क्रम वापरला. त्यानंतर हा विषय जगभर पसरला. आपल्याकडच्या दंतवैद्यक महाविद्यालयांतही आता हे करतात.

रक्तच का? उघड्या टोकाच्या पलीकडे, जिथून मूळ वाढत असतं, तिथे मऊ पेशींची एक उशी असते. त्यात मूळपेशी असतात, हे २००६ साली संशोधकांनी दाखवलं. गंमत म्हणजे वरचा दात मरून पुवाने भरला तरी ही उशी पुष्कळदा तग धरते, कारण तिला रक्त दुसरीकडून मिळतं. टोकाशी रक्त काढलं की या पेशी त्यासोबत आत येतात. टेक्सासमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये मुळात आलेलं असं रक्त तपासलं, तेव्हा त्यात मूळपेशींच्या खुणा हातातून काढलेल्या रक्तापेक्षा कित्येक पटींनी जास्त सापडल्या.

बाईंनी खात्री मात्र दिली नाही. "जंतुसंसर्ग जाईल आणि हाड भरून येईल, याची बऱ्यापैकी आशा आहे. मूळ वाढेल का, ते दातागणिक वेगळं. मार लागलेल्या दातात ती उशीही चिरडलेली असू शकते. नाहीच वाढलं तर टोकाला बूच मारायची वाट मोकळी आहे." संमतिपत्रावर मुलाने सही केली. पेन खिशाला लावता लावता माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबा, त्या दिवशी एक फोन केला असतात तर..." वाक्य त्याने पुरं केलं नाही. ज्या दिवशी तुकडा उडाला त्याच दिवशी, किंवा एक-दोन दिवसांत, दात झाकला असता तर गर कदाचित वाचलाही असता. हे मला बाईंनी आधीच सांगितलं होतं. त्याला सांगायची गरज नव्हती.

पहिल्या भेटीत दाताच्या मागून भोक पाडून आत धुतलं. तोंडावर रबराचा पडदा ताणून फक्त तो एक दात बाहेर काढलेला, नातू नंतर म्हणाला की "छत्रीतून दात बाहेर काढल्यासारखं वाटत होतं." धुवायचं पाणी म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, पांढरे कपडे स्वच्छ करायला वापरतो ते, पण अगदी सौम्य, दीड टक्क्याचं. तीव्र असेल तर जंतूंसोबत त्या पेशीही मरतील. मग चुन्याचा लेप. तीन प्रतिजैविकांचा तो लेप का नको, असं मी विचारलं (मी तोवर मुलाच्या मदतीने बरंच वाचलं होतं आणि बाईंना त्याचा थोडा जाच होऊ लागला होता!). त्यातल्या मिनोसायक्लीनने दात काळा-करडा पडतो, म्हणून पुढच्या दाताला त्या तो वापरत नाहीत. करडा पडतो हे ऐकल्यावर मी पुढे काही विचारलं नाही.

तीन आठवड्यांत पुटकुळी बसली. दसरा झाला आणि दुसरी भेट आली. मुलगा त्या दिवशी बाहेरगावी होता. नातवाने हट्ट धरला की आजोबा आत पाहिजेत. मला खुर्चीच्या पायथ्याशी स्टूल दिलं, त्याचा डावा पाय मी धरून बसलो. भुलीचं इंजेक्शनही वेगळं, ॲड्रेनॅलिन नसलेलं, कारण ॲड्रेनॅलिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि इथे तर रक्त हवं. चुना धुऊन काढला, मग इ.डी.टी.ए. नावाच्या द्रवाने भिंती धुतल्या. दाताच्या भिंतीत तो घडताना अडकलेली काही वाढीची द्रव्यं असतात, ती याने मोकळी होतात म्हणे. मग बाईंनी बारीक सुई हातात घेतली, मुळाच्या टोकाच्या किंचित पलीकडे नेली आणि फिरवली.

रक्त आलं नाही.

त्यांनी सुई काढली, कागदाची बारीक वात आत घालून बघितली. कोरडी. पुन्हा सुई, पुन्हा वात. टोकाला जरा गुलाबी. मदतनीस मुलगी बाईंकडे बघत होती आणि मी त्या दोघींकडे. नोकरीत हजारो गुडघ्यांचं, कोपरांचं, ओठांचं रक्त पुसलं असेल मी. आयुष्यात पहिल्यांदा एका पोराला रक्त यावं म्हणून मनात रामरक्षा म्हणत होतो. बाई शांत होत्या. नातवाला म्हणाल्या, "बाळा, नाकाने मोठा श्वास घे," आणि तिसऱ्यांदा सुई घातली. मला काही दिसत नव्हतं, फक्त बाईंचा आवाज ऐकू आला, "आलं. आलं बघा." मदतनीस मुलीने मला बोलावून आरसा दाखवला. त्या एवढ्याशा भोकात लाल थेंब वर चढत होता.

पंधरा मिनिटं गुठळी होऊ दिली. घड्याळ लावलं होतं, आणि ती पंधरा मिनिटं नातू काही बोलू शकत नसल्याने मीच त्याला तानाजीची गोष्ट सांगितली. मग गुठळीवर पांढऱ्या सिमेंटचा थर आणि त्यावर नेहमीचं पक्कं भरण. उडालेला कोपराही त्याच रंगाच्या मसाल्याने बांधून काढला. झालं. बाकी सगळं वाट बघणं.

सहा महिन्यांनी मुळाभोवतीची काळी सावली लहान झाली होती. वर्षाने ती गेली, पण मूळ होतं तेवढंच, भिंती होत्या तेवढ्याच. बाई म्हणाल्या, ठीक आहे, पहिली पायरी झाली. मी घरी येऊन दोन दिवस कोणाशी धड बोललो नाही. दोन वर्षांनी त्यांना भिंत किंचित जाड वाटली, मला काही वाटली नाही. आणि परवा, तीन वर्षांनी... डावीकडच्या चित्रात नरसाळं आहे, खाली उघडं. उजवीकडच्या चित्रात खालचं टोक आत वळलंय, जवळजवळ मिटलंय, आणि आतली काळी पोकळी अरुंद झालीय. लांबी फारशी वाढलेली नाही. शेजारच्या दातापेक्षा मूळ आखूडच आहे आणि तसंच राहील. हिरडीजवळ दातावर करडी झाक आहे, निरखून बघितलं तरच दिसते. गार बोळा लावल्यावर "थोडंसं कळलं" असं नातू म्हणाला. खरंच कळलं की डॉक्टरांना खूश करायला म्हणाला, देव जाणे.

आणि आत जे वाढलंय तो गर नव्हे, हेही बाईंनी सांगितलं. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत आणि माणसांच्या काढाव्या लागलेल्या काही दातांत तपासणी झाली तेव्हा आत हाडासारखं आणि मुळाच्या बाहेरच्या आवरणासारखं काहीतरी भरलेलं आढळलं. इंग्रजीत याला 'रिजनरेटिव्ह' उपचार म्हणतात. मराठी शिकवणारा माणूस मी, दोन दिवस शब्द शोधत होतो. पुनर्निर्माण फार मोठा होतो, डागडुजी फार लहान. शेवटी आमच्या सौ. म्हणाल्या, "भरून आलं म्हणा की. जखम भरून येते तसं." तोच बरा.

बाईंच्या कपाटावर एक तक्ता आहे, तो मी उतरवून आणला आणि सोसायटीच्या फळ्यावर लावला. कायमचा दात अख्खा निखळून पडला तर मुळाला हात न लावता वरच्या भागाने धरायचा, घाण असेल तर हलकेच धुवायचा, घासायचा नाही, जमलं तर लगेच जागेवर बसवायचा, नाहीतर दुधात ठेवून तासाभराच्या आत डॉक्टर गाठायचा. दुधाचा दात असेल तर मात्र परत बसवायचा नाही. तुकडा उडाला असेल तर तोही शोधून दुधात न्यायचा. चार ओळींचा मजकूर आहे. १९८५ साली आमच्या शाळेपासून दातांचा डॉक्टर चौतीस किलोमीटरवर होता, आणि या उपचाराचा तर जन्मही झाला नव्हता, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं आहे. पण २०२२ साली डॉक्टर आमच्या घरापासून दोन चौकांवर होत्या.

परवा रात्री जेवणं झाल्यावर त्या बाप्याला फोन लावला. मेळाव्यापासून त्याचा नंबर माझ्याकडे आहे, तीन वर्षांत नातवाचं सगळं त्याला अधूनमधून सांगत आलोय. का, ते त्याने कधी विचारलं नाही. ऊस तोडणीला आलाय, पाऊस फार झाला, मुलाचं लग्न जमतंय, अशा त्याच्या बातम्या झाल्या. मग त्यानेच विचारलं, "गुर्जी, नातवाचा दात काय म्हंतोय?"

"बरा आहे. मूळ भरून आलं. टोक मिटलं."

"म्हंजी नवाच आला म्हना की," तो म्हणाला आणि हसला. फोनवर काही दिसत नाही, पण हसण्याचा आवाज मध्येच जरा दबल्यासारखा झाला.